भोरच्या पेठेतलं घर आणि कार्डावरची नऊ नावं

भोरमध्ये १४ लाखांत स्वतःचं घर झालं असं सांगितलं की पुण्यातल्या मैत्रिणींना आधी खरं वाटत नाही, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "आमच्यासाठीही बघ ना एखादं." बघेन. पण त्याआधी हे सगळं एकदा सलग लिहून काढायचं होतं. लहान गावात घराची किंमत आवाक्यात असते. ते घर रीतसर आपल्या नावावर येईपर्यंत काय काय करावं लागतं, ते मात्र कोणी धड सांगत नाही. मध्यस्थाला व्यवहार उरकायचा असतो, विकणाऱ्यांना बऱ्याचदा आपल्याच कागदांत काय आहे ते ठाऊक नसतं, आणि घेणाऱ्याला भाड्याच्या खोलीतून बाहेर पडायची घाई असते.

मी भोर तालुक्यात परिचारिका आहे. आई माझ्याकडेच असते. वडील एसटीत होते. आमच्या घरात कोणाच्याच नावावर शेत नव्हतं, आणि हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला. माझी नोकरी १ नोव्हेंबर २००५ नंतरची, त्यामुळे जुन्या कर्मचाऱ्यांसारखी भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी मोठी रक्कम काढायची सोय नाही. हाताशी होत्या त्या ठेवी, थोडं सोनं आणि पगारावर मिळेल तेवढं कर्ज. दुरुस्तीसकट २० लाखांच्या वर जायचं नाही असं आईचं आणि माझं ठरलं होतं. आणि घर तळमजल्यावर हवं, कारण आईचे गुडघे.

भोर म्हणजे पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, राजवाडा राहिला, नीरेकाठच्या पेठा राहिल्या, आणि त्या पेठांमधली जुनी घरं राहिली. त्यातली बरीचशी आज कुलूपबंद आहेत. मुलं पुण्याला, नातवंडं आणखी लांब. दिवाळीला कोणीतरी येऊन जाळ्या काढतं, पावसाळ्यात कौलं सरकतात, आणि कधीतरी सगळ्यांचं ठरतं की विकून टाकू. स्वस्त घरं इथून येतात. ती स्वस्त का असतात तेही इथूनच कळतं: एका घराला दहा मालक असतात आणि दहाही जण एका ठिकाणी नसतात.

पण मी पेठेत पोहोचले ती शेवटी. आधी सगळ्यांनी सुचवलेला रस्ता बघितला, तो म्हणजे गावाबाहेर एखादा गुंठा घ्यायचा आणि हळूहळू बांधायचं. फलक जागोजागी आहेत. एका ठिकाणी दर मला परवडणारा होता, रस्ता आखलेला होता, विजेचे खांब उभे होते. कागद मागितला तर हातात आला सामाईक सातबारा, शेतीचा. "तुमचं नाव यावर चढेल ना, काळजी कशाला?" काळजी दोन गोष्टींची होती. एक, शेतजमीन शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. कूळकायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. दुसरी, शेतजमिनीचे असे गुंठ्यागुंठ्याचे तुकडे पाडून विकायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने मर्यादा घातली आहे. त्यात वेळोवेळी बदल होतात, सवलतीच्या घोषणा होतात, पण पुढे काहीतरी होईल या भरवशावर आयुष्याची पुंजी टाकणं मला पटेना. त्याच माणसाने नंतर नोटरी करून देतो म्हणून सांगितलं. नोटरी म्हणजे खरेदी नव्हे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे १०० रुपये आणि त्यावरच्या किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. आमच्या दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी जणांनी अशा नोटरीवर गुंठे घेतलेले आहेत, घरंही बांधली आहेत, आणि कर्जासाठी बँकेत गेल्यावर त्यांना पहिल्यांदा कळतं की जागा त्यांची नाही. हे बघून जीव तुटतो.

दुसरा रस्ता फ्लॅटचा. सहा सदनिकांची लहान इमारत, तळमजल्यावरचा एक शिल्लक. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक विचारला तर नव्हता, आणि तो नसणं बेकायदा नव्हतं: जागा ५०० चौरस मीटरपर्यंतची किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्ती नाही. लहान गावातल्या बहुतेक इमारती या मापात बसतात, म्हणून तिथे घेणाऱ्याने स्वतःच जास्त जागं राहावं लागतं. मी बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला मान्य असल्याचा दाखला) मागितलं. पहिले दोन मिळाले. तिसऱ्याच्या जागी घरपट्टीची पावती दाखवली. घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम मान्य झालं असा समज सर्रास आहे. नगरपालिका कर लावते तो वापराबद्दल. त्या पावतीने परवानगी मिळत नाही आणि मालकीही सिद्ध होत नाही. प्रमाणपत्र येईपर्यंत थांबते म्हटलं. ते अजून आलेलं नाही.

पेठेतल्या घराची माहिती एका रुग्णाच्या सुनेने दिली. दगडी जोतं, वर भेंड्यांच्या, म्हणजे मातीच्या कच्च्या विटांच्या, भिंती, पुढे ओटा, मधे माजघर, मागे न्हाणी आणि चिमूटभर परस. मंगलोरी कौलं. खांब सागवानी, एकही कललेला नाही. जागा ७१ चौरस मीटर. नदीपासून पुरेशी वर. तरी निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते नगरपालिकेत नकाशावर बघून घेतलं, कारण नदीकाठच्या गावात हे विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. किंमत ठरली १४ लाख. बोलणी करणारे गृहस्थ त्या घरचे नातू, पन्नाशीचे. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले.

मिळकत पत्रिका, म्हणजे ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ती, काढली. धारकाच्या रकान्यात दादांच्या आजोबांचं नाव. आजोबा १९८३ मध्ये वारले. म्हणजे चाळीस वर्षांच्या वर कार्डावर एका दिवंगत माणसाचंच नाव होतं, आणि घरात तीन पिढ्या राहून गेल्या होत्या. मृत्युपत्र नव्हतं.

माझ्या वकीलबाई साताऱ्याकडच्या, बोलायला तुटक पण कामाला पक्क्या. त्यांनी कार्ड हातात घेऊन आधी सत्ताप्रकाराचा रकाना बघितला, कारण जागा सरकारने भाडेपट्ट्याने किंवा अटीवर दिलेली असेल तर विक्रीला परवानगी लागते. तसं काही नव्हतं. मग त्यांनी एकच विचारलं, "आजोबांना मुली किती?"

तीन. दादांनी त्या सांगितल्याच नव्हत्या. ते मुद्दाम लपवत होते असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या हिशोबात घर दोन भावांचं होतं, त्यांच्या वडिलांचं आणि काकांचं. "सिस्टर, आत्यांची लग्नं होऊन पन्नास वर्षं झाली. त्या काय मागायला येणार न्हाईत. नावं घालून कशाला उगाच वाढवताय?"

इथे मी अडून बसले, आणि या सगळ्या व्यवहारात मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हेच. लोकांना वाटतं मुलींचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला. ती दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दलची आहे, आणि महाराष्ट्रात तर तसा बदल १९९४ मध्येच झाला होता. इथे त्याची गरजच नव्हती. हे घर आजोबांनी १९६१ मध्ये स्वतःच्या पगारातून घेतलं होतं. खरेदीखत दादांच्या पेटीत निघालं. स्वकष्टार्जित मिळकतीचा मालक मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगे आणि मुली सारख्याच वाट्याच्या वारस. आजीही नंतर वारल्या होत्या. म्हणजे आता पाच मुलांचे पाच सारखे वाटे, आणि मुलींचा हा हक्क १९८३ पासूनच होता. त्या तिघींना डावलून मी खरेदी केली असती तर दोन पंचमांशच घर कायद्याने माझं झालं असतं, आणि पैसे मात्र पूर्ण गेले असते.

वकीलबाईंनी वंशावळ लिहायला घेतली. थोरला मुलगा वारलेला: त्याची पत्नी, दादा आणि दुबईत नोकरीला असलेला दादांचा धाकटा भाऊ. धाकटा मुलगा, म्हणजे काका, पुण्यात. एक आत्या महाडला, एक साताऱ्याला. तिसऱ्या आत्या वारलेल्या, त्यांचे यजमान, मुलगा आणि मुलगी पुण्यात. एकूण नऊ नावं.

वारसनोंदीचं काम भूमी अभिलेख कार्यालयात होतं. अर्ज, मृत्यूचे दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची ओळखपत्रं. मग परिरक्षण भूमापक नोटिसा काढतो, हरकतीला मुदत असते, हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित होते. कागदावर सोपं आहे. अडलं ते आत्यांच्या नावांवर. आजोबांच्या कागदांत त्यांची माहेरची नावं, आधारवर सासरची. आडनाव बदलणं एक वेळ ठीक, पण त्या काळी लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावही बदलायचे. महाडच्या आत्यांचं तसंच झालेलं. माहेरची कुसुम सासरी वेगळ्याच नावाने साठ वर्षं जगली (इथलं कुसुम हेही खरं नाव नव्हे), आणि या दोन बायका एकच आहेत हे दाखवणारा कागद कोणाकडेच नव्हता. लग्नपत्रिका कोण ठेवतं? शेवटी त्या ज्या शाळेत चौथीपर्यंत गेल्या तिथल्या जनरल रजिस्टरात नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख सापडली. मुख्याध्यापकांनी जुने बांधीव खंड स्वतः उघडून पानं उलटली, दाखला दिला. तो दाखला, आधार आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र एवढ्यावर काम झालं. ज्यांच्या घरात अशा वयस्कर आत्या, मावश्या, आज्या आहेत त्यांनी हे तीन कागद आजच करून ठेवावेत. घर विकायचं असो वा नसो.

आत्यांची संमती दादा फोनवर घेतो म्हणाले. मला प्रत्यक्ष भेटायचं होतं. वरंधा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात, म्हणून पाऊस सरल्यावर वहिनींना, म्हणजे दादांच्या पत्नीला, घेऊन महाडला गेले. आत्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या. त्यांना मी सगळं सांगितलं: घर केवढ्याला चाललंय, त्यांचा वाटा किती, सही केली तर काय होईल, नाही केली तर काय होईल. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, मला कोणी विचारलंच नव्हतं. अण्णांच्या घरात माझं काही आहे, हे मला आज कळतंय." वहिनींकडे बघून म्हणाल्या, "सही देते. पण पैसे माझ्या खात्यात. मुलाच्या नको."

दोन लाख ऐंशी हजार. त्यांच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदाच एवढी रक्कम येणार होती. त्यांचं पॅनकार्डही नव्हतं. दहा लाखांवरच्या स्थावर व्यवहारात तेव्हा ते किंवा त्याऐवजी विहित नमुन्यातलं घोषणापत्र लागायचं. पॅन काढून घेतलं.

दादांच्या घरी यावरून चार दिवस कुरबूर झाली असणार, कारण त्यांच्या हिशोबातले पैसे कमी झाले होते. कोणीतरी सुचवलं की आत्यांकडून हक्कसोडपत्र घ्यावं. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं की ज्याला स्वखुशीने हक्क सोडायचा आहे त्याने जरूर सोडावा, पण इथे आत्यांना वाटा हवा आहे, तर त्यांना खरेदीखतात 'लिहून देणार' म्हणून घ्या, प्रत्येकाच्या नावापुढे त्याची रक्कम लिहा आणि ती त्याच्याच खात्यात जाऊ द्या. मला हेच हवं होतं. पुढे काकांनीही हाच मार्ग उचलून धरला, आणि मग कोणी काही बोललं नाही.

दुबईच्या भावासाठी कुलमुखत्यारपत्र लागलं. ते त्याने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून मूळ प्रत कुरियरने पाठवली. परदेशात केलेला असा कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ती मुदत सांभाळली. आणखी एक गोष्ट सनदी लेखापालांनी दाखवली, जी मी तोवर कोणाकडूनच ऐकली नव्हती. ५० लाखांखालच्या घराच्या व्यवहारात घेणाऱ्याला कर कापावा लागत नाही, हे खरं, पण विकणारा अनिवासी असेल तर ती मर्यादा लागूच नाही. त्याच्या वाट्याला ९० हजारांच्या आसपास येणार होते, तरी त्यातून कर कापून भरायची जबाबदारी माझी, आणि त्यासाठी मला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, घ्यावा लागला. एकाही गावात असं घर नसेल ज्याचा एखादा वारस आखातात किंवा अमेरिकेत नाही. म्हणून हे मुद्दाम लिहिते.

मधल्या काळात इसार म्हणून थोडी रक्कम धनादेशाने दिली आणि ताबा न घेता साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, केलं, त्यात स्पष्ट अट: नऊही नावं कार्डावर चढल्यावरच खरेदीखत. काही भाग रोख द्या, अशी मागणी आली होती. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता-देता येत नाही, आणि मला पैशाचा प्रत्येक रुपया कागदावर हवा होता. दादांनी ते मान्य केलं.

शोध अहवालासाठी तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या. एका पतसंस्थेचा जुना बोजा कार्डाच्या इतर हक्कांत निघाला. कर्ज कधीच फिटलं होतं, पण बोजा उतरवायला कोणी गेलंच नव्हतं. बेबाकी दाखला आणून ती नोंद कमी केली. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. हरकत एकच आली, शेजाऱ्यांची. हद्द कायम करण्याची मोजणी मागवली तेव्हा कळलं की त्यांची मोरी आमच्या परसात हातभर आत आली आहे, आणि ती आता पाडायला लावतील म्हणून ते धास्तावले होते. म्हातारा-म्हातारी दोघंच राहतात. मोरी पाडणं मला नकोच होतं. पण गप्प बसले असते तर बारा वर्षांच्या कब्जावरून पुढे त्या घरातलं कोणीही त्या जागेवर मालकी सांगू शकलं असतं. म्हणून ती जागा या घराची आहे आणि मोरी परवानगीने आहे असं त्यांनी लिहून दिलं, नकाशावर ते दाखवलं, आणि चतुःसीमा त्याप्रमाणे लिहिल्या. त्या दिवसापासून त्यांच्याकडून ताकाची बरणी येते.

कर्जाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं सुखाचं काही नाही. बँकेच्या मूल्यांकनकाराने भेंड्यांच्या भिंती आणि घराचं वय बघून नकार दिला. जुन्या घरांच्या बाबतीत हे जवळपास ठरलेलंच असतं, तेव्हा इसार देण्याआधी बँकेला घराचा फोटो आणि कार्ड दाखवून विचारावं. एका सहकारी बँकेने सहा लाख दिले, व्याज जास्त. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदान आहे: वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि पहिल्या आठ लाखांवर चार टक्के सवलत, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. पूर्वीचं पक्कं घर कुटुंबात कोणाच्या नावावर नसावं. मी उत्पन्नात बसत होते, पण मला कर्ज देणारी बँक त्या योजनेत सहभागी नव्हती. ज्यांना दोन बँकांत निवड करता येते त्यांनी व्याजदराबरोबर हेही विचारून घ्यावं.

खरेदीखत आईच्या आणि माझ्या नावे केलं. भावाचं नाव घालावं असं नातेवाइकांचं म्हणणं होतं, भावाचं नव्हतं. फक्त स्त्रियांच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. एक जरी पुरुष खरेदीदार असला तर ती जाते. ही सवलत २०२१ मध्ये आली तेव्हा पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. शुल्क ठरतं ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकातली, किंमत यांतल्या जास्त असलेल्या आकड्यावर. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,०००.

दुय्यम निबंधक कार्यालयात त्या दिवशी आठ लिहून देणारे हजर, नवव्याच्या वतीने दादा. साताऱ्याच्या आत्यांचे अंगठ्याचे ठसे यंत्र घेईना. आयुष्यभर भांडी आणि शेणामातीत झिजलेली बोटं. कर्मचाऱ्याने न चिडता पुन्हा पुन्हा पुसून घेतले. महाडच्या आत्या नातवाबरोबर आल्या होत्या, नवं लुगडं नेसून. दोघी बहिणी कितीतरी वर्षांनी भेटत होत्या. बाहेरच्या बाकावर बसून त्यांचं काय बोलणं चाललं होतं ते मी ऐकलं नाही, पण त्यांचा नंबर आला तेव्हा दोघींना दोनदा हाक मारावी लागली. प्रत्येकाच्या खात्यात पैसे पोहोचल्याचे संदेश येईपर्यंत मी तिथून हलले नाही. महाडच्या आत्यांनी मला आपला मोबाइल दिला आणि म्हणाल्या, "वाच बरं, किती लिहिलंय." वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, हातात आला तरी काम संपत नाही. कार्डावर खरेदीची नोंद, नगरपालिकेत करआकारणीला नाव, नळजोडणी, महावितरणकडे वीजजोडणी, हे सगळं वेगवेगळं करावं लागतं. पाणीपट्टीची थकबाकी खरेदीआधीच विकणाऱ्यांकडून भरून घेतली होती, ते बरं झालं.

दुरुस्तीत पहिलं काम छपराचं. आतून दोन वासे आणि बरीचशी रीप वाळवीने पोकळ केलेली होती. टोचा मारून बघितल्याशिवाय हे दिसत नाही. कौलं उतरवून, धुऊन, चांगली तेवढी परत चढवली. भिंतींच्या बाबतीत गवंड्यांमध्ये दोन मतं निघाली. एक म्हणाला सगळीकडे सिमेंटचा गिलावा मारू, चकचकीत होईल. दुसरा वयस्कर, त्याने नखाने भिंत खरवडली आणि म्हणाला, "ताई, ही भिंत श्वास घेते. हिला सिमेंट लावलंत तर ओल आत कोंडेल आणि दोन पावसाळ्यांत खपल्या पडतील." त्याचं ऐकलं, चुन्याचा गिलावा केला. भोरच्या पावसात तो टिकला आहे. न्हाणीत आईसाठी आधाराचे दांडे आणि खरबरीत फरशी, ओट्याला एक पायरी जास्त. माळ्याचं काम हातात घेतलं नाही.

हिशोब सांगते, कारण सगळे तोच विचारतात. घर १४ लाख. मुद्रांक, नोंदणी, वकील, मोजणी, दाखले, प्रतिज्ञापत्रं मिळून सव्वा लाखाच्या आसपास. दुरुस्ती चार लाखांच्या थोडी वर. म्हणजे ठरवलेल्या २० लाखांच्या आत बसलं. घराची किंमत बघून जे निघतात त्यांनी तिच्या चाळीस टक्क्यांएवढी रक्कम वेगळी ठेवूनच निघावं. आणि वेळ धरावा. पहिल्यांदा घर पाहिल्यापासून किल्ली हातात येईपर्यंत वर्ष उलटून गेलं, त्यातला बहुतेक काळ नावं शोधण्यात आणि जुळवण्यात. मला तो काळ वाया गेलेला वाटत नाही. नऊ माणसांपैकी कोणीही रस्त्यात भेटलं तर मान खाली घालावी लागत नाही, ना मला ना दादांना.

आमच्या मागच्या गल्लीतलं एक घर आता विकायला निघालं आहे. कार्ड पणजोबांच्या नावावर. त्या घरची सून कागद घेऊन आली होती, गिऱ्हाईक तयार आहे म्हणाली, पटकन काही होईल का. तिला आधी वंशावळ लिहायला बसवलं आहे: सगळ्या लेकी, लग्नाआधीची नावं, लग्नानंतरची नावं, दोन्ही. दोन मृत्यूदाखले मिळालेत. तिसऱ्यासाठी सोमवारी नगरपालिकेत जाणार आहोत.